नमुन्याचं पाणी

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला, तशी नीलिमा बसल्या जागी दचकली.

"दोन वर्षं झाली मी घसा कोरडा करतोय, मीठ बंद करा, मीठ बंद करा. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. किडनी खराब होतेय, क्रिएटिनिन दोनवर होतं, आता साडेतीनवर गेलंय. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी खाली येत नाही. पाय बघा यांचे! असंच चाललं तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल. आठवड्यातून दोनदा, तेही जन्मभर. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

शेजारच्या खुर्चीत नीलिमाची सासू बायनाबाई पाय ओढून बसली होती. लुगड्याचा काठ खाली ओढला तरी सूज काही लपत नव्हती.

"नाई खात जी साहेब मी मीठ," ती हळूच म्हणाली. "आलनीच खातो."

"मग हे कुठून आलं? हवेतून?"

बायनाबाईनं काठ आणखी खाली ओढला. उत्तर नीलिमाकडे होतं, आणि ते चंद्रपूरहून परतीच्या एसटीत तिनं सासूला ऐकवायला सुरुवात केली. तशी ती वाईट नव्हती हो. सासूवर जीव होता तिचा. नवरा प्रणित पुण्याकडे कंपनीत, पोळा आणि दिवाळी सोडली तर त्याचं तोंड दिसायचं नाही. मधल्या काळात या दोघीच एकमेकींना. पण बाई वरोऱ्याची, बाजाराच्या गावची, आणि जिभेला धार. एकदा सुरू झाली की मागच्या सीटवरचे लोकही गप्प बसून ऐकायचे.

"खरं सांगा आई. लोणचं खाता ना चोरून?"

"नाई वं बाई."

"पापड? सुकट?"

"तुही आन. जिभेवर ठेवलं नाई."

"मग आकडा कसा वाढला? आकडा खोटं बोलत नाही, आई. माणूस बोलतो."

बायनाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मागच्या सीटवरचा एक म्हातारा "च् च्" करून हळहळला. कोणासाठी, ते त्यालाच ठाऊक.

आकड्यावर नीलिमाचा असा आंधळा विश्वास का, ते सांगायला हवं. तालुक्याच्या गावी पाणी तपासायची एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथं ती काम करायची, तिथंच खोली घेऊन राहायची आणि रविवारी सासूकडे गावी जायची. गावोगावचे बोरिंग, विहिरी, नळ, सगळ्यांच्या बाटल्या वर्षातून दोनदा तिच्या टेबलावर यायच्या. पाण्यात विरघळलेले क्षार किती, हे काढणं तिचं आवडतं काम. आधी चिनीमातीची रिकामी वाटी तोलायची. तिच्यात शंभर मिली पाणी गाळून ओतायचं, ते आटवायचं, वाटी भट्टीत कोरडी करायची, गार झाली की परत तोलायची. जेवढं वजन वाढलं तेवढे क्षार. त्याला दहानं गुणलं की एका लिटरमागे किती मिलिग्रॅम ते आलं. पाचशेच्या आत असेल तर पाणी उत्तम. दुसरं पाणीच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्या, त्यापुढे नको, असा नियम. तिचा काटा ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवायचा, आणि तो काटा चालू असताना ती पंखा बंद करायची, श्वासही बेतानं घ्यायची. मे महिन्यात चंद्रपूरच्या उकाड्यात पंखा बंद करून बसणारी बाई आपल्या कामाची किती पक्की असेल, ते तुम्हीच समजा.

तिच्या सासरचं गाव, चेकमोहाडी, तेही तिच्याच टेबलावर यायचं. अडीच वर्षांत पाच वेळा आलं. दोनशे चौदा, दोनशे आठ, दोनशे एकवीस, दोनशे दहा, दोनशे सोळा. पाचही वेळा तिनं खाली सही केली, "पिण्यास योग्य". सासरचं पाणी आसपासच्या वीस गावांत चांगलं निघालं याचा तिला अभिमानच होता. सरपंच गुणवंतराव धरणावरून नळाची लाइन मागायला दोनदा तालुक्याला गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी हाच कागद त्यांच्यापुढे सरकवला होता. "भाऊ, तुमचं पाणी तं सोन्यासारखं आहे. आधी ज्याचं खराब आहे त्याले देऊ का तुमाले?" गुणवंतराव गपगुमान घरी आले.

तर मीठ. चंद्रपूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नीलिमानं सासूच्या घरातली मिठाची बरणी पिशवीत घातली. लोणच्याची बरणी शेजारच्या बुधरीला देऊन टाकली, पापडाचा डबाही. बुधरी नको नको म्हणत होती, पण नीलिमाच्या तोंडापुढे कोण उभं राहील? बायनाबाई चुलीपाशी बसून बघत राहिली. साठीची बाई, धानाचा संसार उभ्या आयुष्याचा, स्वतःच्या घरात तिला मीठ ठेवायची बंदी झाली.

महिन्यानं परत रक्त तपासलं. तीन पूर्णांक नऊ.

नीलिमाचं डोकं फिरलं. म्हणजे म्हातारी आपल्याला बनवून राहिली! रविवारी आपण जातो तेव्हा अळणी भाजी, अळणी वरण, आणि सोमवार ते शनिवार मजा. तिनं ठरवलं, आता न सांगता जायचं. रंगेहाथ पकडायचं. आणि पकडल्यावर काय काय बोलायचं, तेही तिनं मनात जुळवून ठेवलं.

एप्रिलातला बुधवार होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती दुपारच्या गाडीनं फाट्यावर उतरली आणि रणरणत्या उन्हात दोन किलोमीटर चालत गावात आली. घराला नुसती कडी होती. बायनाबाई बुधरीच्या अंगणात मोहफुलं वाळवायला गेलेली. बरंच झालं! नीलिमा आत शिरली आणि पोलिसासारखी घर धुंडाळू लागली. डबे उघडले, तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला, फडताळातली मागची भांडी पुढे आणली, खाटेखाली वाकली, चुलीवरच्या कोनाड्यात बोटं फिरवली. तिखटाच्या डब्यातलं तिखट चिमटीत घेऊन चाखलं. त्यातही मीठ नव्हतं. पाऊण तास गेला. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला, घशाला कोरड पडली.

कोपऱ्यात माठ होता. तिनं गिलास बुडवला आणि उभ्या उभ्या मोठा घोट घेतला.

घोट घशात गेलाच नाही. खारट, वरून कडवट, जिभेला धरून बसणारं ते पाणी तोंडात घेऊन ती परसात धावली आणि भचकन थुंकली. ओठ पुसले, परत थुंकली.

आणि मग, बघा कसं असतं माणसाचं, तिला आनंद झाला! सापडली चोरी! माठात मीठ टाकून ठेवलं म्हातारीनं! कोणाच्या डोक्यात येणार? तिनं बाह्या वर केल्या आणि माठात खांद्यापर्यंत हात घालून बुड चाचपलं. मिठाची पुरचुंडी असेल, खडे असतील. बुडाला पांढरट किटण तेवढं हाताला लागलं.

ती तशीच ओल्या हातानं उभी राहिली. मग गिलास घेऊन बाहेर आली. घराच्या समोरच, दहा पावलांवर, गावाचं बोरिंग. चार वर्षांपूर्वी जुनी विहीर खचली तेव्हा खणलेलं. गावातली सव्वाशे घरं त्याच्यावर. तिनं दांडा हापसला, गिलास धरला, आणि या वेळी जपून, जिभेच्या टोकानं चाखलं.

तेच.

नीलिमा त्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिली. हे बोरिंग. हेच. याचा आकडा दोनशे सोळा. तिच्या हातचा, तिच्या काट्यावरचा, पंखा बंद करून काढलेला. दोनशे सोळाचं पाणी असं लागत नाही. असं लागूच शकत नाही! तिनं आणखी एक घोट घेतला, जणू तिसऱ्यांदा घेतलं की पाणी शहाण्यासारखं वागेल.

"अव माय! तू कशी काय आज?" बायनाबाई बुधरीच्या अंगणातून लगबगीनं येत होती, सुजलेले पाय फेंगडे टाकत. "सांगतलं नाई, कराले काई नाई घरात. थांब, ते नोको पिऊ!"

"आई, हे पाणी कोणतं?"

"बोरिंगचं. काऊन?"

"तुम्ही रोज हेच पिता?"

"मंग का पिऊ? समदं गाव हेच पिते. थोडकं भारी आहे, दाय शिजत नाई लवकर. पन सवय झाली."

"मग रविवारी मी पिते ते?"

"ते नाल्याचं वं," बायनाबाई म्हणाली, यात सांगण्यासारखं काय, अशा आवाजात. "नाल्याच्या रेतीत झिरा कोरून ठेवला ना. गोडं पानी आहे तेथचं, अमृतावानी. शनिवारी आनून ठेवतो तुह्यासाठी. पावन्याले हे बोरिंगचं कसं द्याचं?"

"मी पाहुणी आहे?"

"हप्त्याले एक दिस येनारी पावनीच नं," बायनाबाई हसली.

नाला गावापासून दीड किलोमीटर. रेतीतल्या त्या खड्ड्यात पाणी थेंबाथेंबानं झिरपतं, वाटीवाटीनं भरावं लागतं. उन्हाळ्यात एक गुंड, म्हणजे मोठी घागर, भरायला तास जातो. या पायांनी ही बाई दर शनिवारी तिथं जाऊन बसत होती. रविवारचा चहा, रविवारचं वरण, रविवारचा भात, आणि दिवाळीला प्रणित आला की त्याची आंघोळसुद्धा, सगळं त्या गुंडाचं. नीलिमाला रडू यायला हवं होतं. पण तिच्या मनात त्याच वेळी दुसरंच काही सरकू लागलं होतं, आणि ते इतकं वाईट होतं की विचारायला तोंड उघडेना.

"आई... आमच्या हाफिसात बाटली येते ना गावाची. पंचायतीचे इतवारीभाऊ आणतात. ती कोण भरतं?"

"मीच नं!" बायनाबाईचा चेहरा खुलला. "इतवारी शनिवारी देऊन जाते बाटली माह्या घरी, सोमवारी घेऊन जाते. राखेनं घासतो, उलटी करून वाळवतो, मंग नाल्यावर नेऊन भरतो. शनिवारी जानंच राह्यते तुह्या पान्यासाठी. बूच बी धुतो."

"नाल्यावर?" नीलिमाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "बोरिंगची बाटली नाल्यावर भरता? काऊन, आई?"

आता बायनाबाईला नवल वाटलं. एवढी शिकलेली सून, आणि हे समजत नाही?

"नमुना होय नं तो! तुहे सासरे धान इकाले जाये, तं आधी नमुन्याची पुडी बांधे. समदा भरला दाना, खडा नाई, पोल नाई, एक एक निवडून. मीच निवडून देत होतो. नमुना चांगल्यातला चांगलाच नेतेत बाई. पोचट धानाचा नमुना नेला तं यापारी पोत्याकडे पाह्यन का?" मग ती जरा पुढे झुकली. "आन हाफिसात तू. चार मानसं पाह्यतेत. सूनबाईच्या गावचं पानी असं खारं, म्हनतीन. इज्जत जाईन ना तुही."

ऊन तसंच तळपत होतं, बोरिंगच्या तोंडातून राहिलेलं पाणी ठिबकत होतं. नीलिमा बोरिंगच्या ओट्यावर बसली. अडीच वर्षं. पाच बाटल्या. पाचही आकडे अगदी बरोबर, एका मिलिग्रॅमचीही चूक नाही. फक्त ते पाणी या गावात कोणी पीत नव्हतं.

निरोप पाठवून इतवारीला बोलावलं. ग्रामपंचायतीनं पाण्याचे नमुने घ्यायला नेमलेला माणूस तो, जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीत राहणारा, साधाभोळा. नीलिमाचं तोंड बघून त्यानं आधीच हात जोडले. "वैनी, बाईच भरतेत बाटली. समोरच बोरिंग आहे, मले वाटलं तेथचंच भरत असन. नाल्यावर जातेत हे मले का मालूम?" त्याच्यावर ओरडायचं असं तिनं ठरवलं होतं, पण ओरडणार कुठल्या तोंडानं? बाटली तिच्याच घरी भरली जात होती. अडीच वर्षांत एकदाही तिनं, कुठून भरली हो, असं विचारलं नव्हतं. घरचीच तर बाटली!

तिनं पिशवीतली बाटली काढली, बोरिंगच्या पाण्यानं तीनदा खळाळली आणि तोंडोतोंड भरली. बायनाबाईनं तिचा हातच धरला.

"हे नोको नेऊ वं! नापास होईन नं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत तिनं आधी विजेचं यंत्र पाण्यात बुडवलं. पाण्यातून वीज जितकी जास्त वाहते तितके क्षार जास्त, म्हणून तो एक पटकन अंदाजाचा मार्ग. यंत्रावर ४४३० आले. शून्य पूर्णांक पासष्टनं गुणलं. दोन हजार आठशे ऐंशीच्या आसपास. तिचा विश्वास बसेना. यंत्राची दांडी शुद्ध पाण्यानं धुतली, परत बुडवली. तेच. मग तिनं वाटी घेतली. रिकामी वाटी अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन तीन एक सहा ग्रॅम. शंभर मिली पाणी आटवलं. दरवेळी वाटीच्या बुडाशी फिकट डाग तेवढा राहायचा. या वेळी पांढरी साय धरली, कडेनं वर चढलेली. भट्टीतून काढून गार केली, पंखा बंद केला, तोलली. अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच एक नऊ सहा. वजाबाकी शून्य पूर्णांक दोन आठ आठ शून्य. दोनशे अठ्ठ्याऐंशी मिलिग्रॅम, तेही शंभर मिलीत. गुणिले दहा.

दोन हजार आठशे ऐंशी.

तिनं परत वजाबाकी केली, मग कॅल्क्युलेटरवर, मग बोटांवर. आकडा हलला नाही.

तिथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण नीलिमा थांबणारी नव्हती. त्या क्षारांत खायचं मीठ किती, हे तिला हवं होतं. क्लोराइड काढलं, लिटरला अकराशे वीस. त्याचं मीठ धरलं तर एक पूर्णांक पासष्टनं गुणायचं. अठराशे अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागे पावणेदोन ग्रॅमच्याही वर. उन्हाळ्यात बायनाबाई चार लिटर पाणी सहज प्यायची, वर भात-वरण-चहातून एक लिटर धरा. पाच लिटर. नऊ ग्रॅम मीठ. जवळजवळ दोन चमचे, रोज. डॉक्टरांनी तर मीठ बंदच सांगितलं होतं. नीलिमानं स्वतःशीच वाद घातला. सगळं क्लोराइड मिठाचंच असतं असं नाही, निम्मं धरू. निम्मं धरलं तरी एक चमचा. गोळ्या गिळायच्या तेही त्याच पाण्याबरोबर.

आणि तिनं त्या बाईच्या घरातून मिठाची बरणी उचलून आणली होती! ती बरणी तालुक्याच्या खोलीवर, नीलिमाच्या ओट्यावर होती. त्यातलं मीठ ती स्वतः रोज भाजीत टाकत होती. टेबलावर डोकं टेकून ती बसून राहिली. शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला.

नवा अहवाल घेऊन ती प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली. दोनशे सोळावरून एकदम दोन हजार आठशे ऐंशी? साहेब बहाणाच शोधत होते. "भूजल खाली गेलं असेल. पाणी बदललं, असं लिहा शेऱ्यात. उगाच जुनं उकरू नका मॅडम, तुमच्याच सह्या आहेत." बोलायचं होतं ते तिच्या ओठांवर आलं होतं. आणि तिनं लिहिलं, "पाणी बदललं". हे मी लपवणार नाही; लिहिलं तिनं.

बाकी सगळं मात्र झपाट्यानं झालं. कोणी पिऊ नये म्हणून बोरिंगला लाल रंग फासला, टँकर सुरू झाला, नळाच्या लाइनच्या यादीत चेकमोहाडी वर सरकलं. गुणवंतरावांनी ग्रामपंचायतीत तिला सत्काराचा नारळ दिला. "वैनीनं वेळेवर पकडलं म्हनून, नाई तं गाव मेलं असतं," ते सगळ्यांपुढे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलिमानं दोन्ही हात पुढे करून नारळ घेतला.

त्या संध्याकाळी बायनाबाईनं विचारलं. चुलीकडे तोंड करून, सहज विचारल्यासारखं.

"नीलिमा, म्या भरलेल्या बाटलीनंच झालं होय हे?"

"नाही आई. पाणी बदललं."

"बरं," बायनाबाई म्हणाली. ती अडाणी होती, खुळी नव्हती. त्या रात्री ती जेवली नाही.

दोन महिन्यांनी परत चंद्रपूर. टँकरच्या पाण्यानं बायनाबाईचे पाय उतरले होते, चपला परत बसू लागल्या होत्या. नीलिमा एसटीत मनातल्या मनात आकडे मांडत आली होती. तीनवर यावं. साडेतीन आलं तरी चालेल. चालेल बाप्पा, काहीही चालेल, पण वर नको जाऊ.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पाय दाबून बघितले, बीपी घेतलं.

"सूज गेली. बीपी उतरलं. वा! आता ऐकलंत." मग त्यांनी चष्मा काढला. "पण किडनी गेली ती गेली. पाच पूर्णांक दोन. ती काही परत येत नाही. शुक्रवारी यांना घेऊन या, हाताची नस तयार करू. पुढच्या महिन्यात मशीन."

नीलिमाला डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते.

"मला एवढंच सांगा," ते बायनाबाईकडे वळून म्हणाले, आणि आता त्यांना खरोखर राग आला होता. "दोन महिन्यांत जे जमलं, ते दोन वर्षांत का नाही जमलं? आज किडनी वाचली असती तुमची. खात होता ना मीठ?"

नीलिमानं तोंड उघडलं. त्याआधीच बायनाबाई बोलली.

"हो जी साहेब. खात होतो. चोरून. कोठीत लपवून ठेवे मी मीठ. सूनबाईनं लय सांगतलं, घरातून बरनी बी उचलून नेली बिचारीनं. मीच आयकलं नाई. तिले नोका बोलू."

इतके दिवस नीलिमानं जिची शपथ खोटी ठरवली, तिनं आज पहिल्यांदा खोटं बोलून दाखवलं होतं, तेही सुनेच्या तोंडाकडे न बघता, घडाघडा. डॉक्टर मान हलवत लिहू लागले. "रुग्णानं पथ्य पाळलं नाही" असंच काहीतरी लिहीत असणार. ते कागदावर उतरणार, खाली सही होणार, आणि मग तेच खरं.

"लिहू नका," नीलिमा म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की दारातली नर्स वळली. "डॉक्टर, आई खोटं बोलून राहिल्या. यांनी दोन वर्षांत मिठाचा खडा तोंडात घातला नाही. यांच्या बोरिंगच्या पाण्यात लिटरला दोन हजार आठशे ऐंशी मिलिग्रॅम क्षार होते. रोजचं नऊ ग्रॅम मीठ यांनी पाण्यातून प्यायलं. आणि पाणी चांगलं आहे अशी सही मी केली. पाच वेळा. पाणी बदललं नव्हतं, बाटली चुकीची होती, आणि मी विचारलं नाही. गावात सव्वाशे घरं आहेत, सगळ्यांनी चार वर्षं तेच प्यायलं. त्यांना बोलवा. सगळ्यांचं बीपी बघा, सगळ्यांचं रक्त बघा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली, नवा कागद ओढला आणि गावाचं नाव विचारलं. नीलिमानं सांगितलं.

टेबलाखाली बायनाबाईनं सुनेचं मनगट घट्ट धरलं होतं. बोटं गार पडली होती तिची.

"काऊन बोलली वं पोरी?" ती कुजबुजली, आणि डोळ्यांतून धार लागली तिच्या. "मी तं गेलीच होती ना मशीनवर. तू तरी वाचली असती."